वीतभर दोरा

३ जानेवारी

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहिलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून नुसतं दादा. फोनवर आपण दोघंही "बरंय ना, बरंय ना" करतो आणि ठेवून देतो. खरं काही बोलायचं असलं की मला कागदच लागतो, आणि तुलाही. म्हणून हे.

डॉक्टरांनी मला विमानात बसायची मनाई केली आहे. घाबरू नकोस. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, सैल झालेल्या बटणासारखी. जिने सावकाश चढायचे, दुकानातलं शिवणयंत्र उचलायचं नाही आणि विमान नाही. पहिल्या दोन गोष्टी मी निमूट ऐकल्या, तिसरीवर मात्र हुज्जत घातली. ते म्हणाले, एवढं लांब कुठे जायचंय तुम्हाला? मी म्हटलं, वीतभर. त्यांना वाटलं, बाईच्या डोक्यातलंही काहीतरी सैल झालंय.

तुला आठवतं ना? मी कायमची इकडे यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी आई यंत्रावर बसून माझ्याच कोटाचं अस्तर शिवत होती. तू तिला मैलांचे आकडे सांगत होतास. ती म्हणाली, "आकडे नकोत, दाखव मला किती लांब ते." मग तू तुझा पृथ्वीचा गोल आणलास आणि आईच्या रिळाचा पांढरा दोरा आपल्या गावापासून या गावापर्यंत ताणून धरलास. आईने तो तिथेच कात्रीने कापला, पंजा पसरून त्यावर ठेवला आणि म्हणाली, "वीतभरच तर आहे." आणि बटणांच्या डब्यात टाकून दिला. मला रडू फुटत होतं आणि तुम्ही दोघं मापं काढत बसला होतात.

एकतीस वर्षांत ती वीत ओलांडून मी नऊ वेळा आले. दरवेळी उन्हाची बाजू टाळून उजवीकडची खिडकी मागून घेतली, म्हणून त्या बाजूचे ढग मला तोंडपाठ आहेत. वहिनी दोनदा एकटी येऊन गेली. तू एकदाही नाही. सदतीस वर्षं विमानतळावरच्या खोलीत बसून जगाला वाटा आखून दिल्यास, आणि स्वतः कधी विमानाची पायरी चढला नाहीस. हलवायाने आयुष्यभर मिठाई करावी आणि चाखू नये, तसं.

आता माझं येणं बंद झालं. तेव्हा तू ये. मार्च संपायच्या आत ये. दुकानामागच्या खोलीत तुझी खाट टाकते. खिडकीतून विमानं उतरताना दिसतात, तेवढीच तुझी करमणूक.

भिंगरी

१८ जानेवारी

भिंगरी,

पत्र बारा दिवसांत आलं. विमानाने दहा-अकरा तासांची वाट, बाकीचे दिवस ते दोन्हीकडच्या पोस्टात लोळत पडलं असणार.

झडपेचं ऐकून तुझी वहिनी दोन घास कमी जेवली. मी नेहमीएवढा जेवलो, पण चव लागली नाही. औषधं वेळेवर घे. लहानपणी औषध कुंडीत ओतायचीस, तिथलं झाड वाळलं तेव्हा चोरी पकडली गेली होती. आता कुंडी नसलेल्या खोलीत औषध घे.

तू अंतराचं काढलंस, तेव्हा नीट सांगतो. या विमानतळापासून तुमच्या विमानतळापर्यंत चार हजार पाचशे तीस सागरी मैल, म्हणजे आठ हजार तीनशे नव्वद किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट कमानीसारखी वाकलेली दिसते आणि लोकांना वाटतं की विमान उगाच फिरून जातं. गोलावर दोरा ताणला की कळतं, तीच सरळ. आईला ते एका क्षणात कळलं होतं, आमच्या नव्या पोरांना शिकवताना नाकी नऊ यायचे. वेळेचं म्हणशील तर इकडून तिकडे नऊ तास दहा मिनिटं, तिकडून इकडे दहा तास चाळीस. अंतर तेच. पण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तुझ्याकडे निघालेल्याला तो पाठीमागून ढकलतो आणि घरी येणाऱ्याच्या छातीवर बसतो.

आता ती खोलीही राहिली नाही. मागच्या महिन्यात निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करायला गेलो होतो. नकाशांच्या रुंद खणांचं ते कपाट, हवामानाचे कागद खडखडत ओकणारं यंत्र, माझं तिरकं टेबल, काही नाही. तिथे एक मुलगी पडद्यासमोर बसली होती. तिने एक बटण दाबलं आणि आमचं दीड तासाचं काम चहा गार व्हायच्या आत झालं. मी तिला विचारलं, पेन्सिल आहे का? तिच्याकडे नव्हती.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या विमानाची वाट मीच आखली होती, हे तुला बहुधा सांगितलेलं नाही. टोक काढून काढून पेन्सिल निम्मी केली. कागद घ्यायला कप्तान आले तेव्हा मी म्हटलं, चौदाव्या रांगेत माझी बहीण आहे. ते म्हणाले, "मग काय करू, सावकाश नेऊ की लवकर?" मी कागद त्यांच्या हातात दिला. मग मी गच्चीवर गेलो आणि दिवा दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो.

येण्याचं बघू. वहिनीचा गुडघा सुजलाय, स्वयंपाकघरातला नळ काढून ठेवलाय, गवंडी आज येतो उद्या येतो म्हणतोय. उन्हाळा उलटू दे.

दादा

१ फेब्रुवारी

दादा,

नळ. तुझी बहीण बोलावतेय आणि तू मला नळ सांगतोस.

मी वहिनीला फोन केला होता, तू फिरायला गेला होतास तेव्हा. तिचा गुडघा ठणठणीत आहे, ती टेकडी चढून आली होती. नळही केव्हाच बसलाय. म्हणजे तू मला टोलवतो आहेस. हे मला नवीन नाही. मी बोलवायचं आणि तू वारे सांगायचे, असं एकतीस वर्षं चाललंय.

तेव्हा मीही जे लपवलं ते सांगते. अठ्ठावीस मार्चला माझं ऑपरेशन आहे. झडप काढून दुसरी बसवायची. डॉक्टर म्हणतात, दहातले नऊ जण हसत घरी जातात. मी शिंपीण आहे, दहातलं एक कापड कसं फसतं ते मला माहीत आहे. माझी सेवा करायला तू नकोस, त्याला इथे माणसं आहेत. मला त्याच्या आधी तुला एकदा समोर बसवून बघायचं आहे, एवढंच.

आणि दुसरंही सांगते, कारण तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे असं मला वाटतं. आई गेली त्या वेळचं. चोवीस वर्षं झाली. तू मंगळवारी फोन केलास, लगेच नीघ. मंगळवारच्या विमानात जागा होती, दादा. मी बुधवारचं विमान घेतलं. एका नवरीचा पोशाख अर्धवट होता, गळ्यापाशी मणी लावायचे राहिले होते, आणि मला वाटलं की आई थांबेल. दवाखान्याच्या जिन्यात तू समोर आलास आणि तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. पंचवीस मिनिटं उशीर. तू मला जवळ घेऊन म्हणालास, "उलटा वारा होता गं, तुझा काही दोष नाही." तू किती मोठ्या मनाने वाऱ्यावर ढकललंस ते. पण जागेचं तुला कळलंच असणार, विमानतळावर तुझी इतकी माणसं. त्याचा राग तू मनात धरून आहेस, म्हणून येत नाहीस. राग असेल तर ये आणि समोर बसून रागाव. मला चालेल.

तो पोशाख घालून ती नवरी फार सुंदर दिसली म्हणे. मी फोटोसुद्धा बघितला नाही.

भिंगरी

१४ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वहिनीला वाचायला दिलं नाही, तिने ते मी झोपल्यावर वाचलं. सकाळी म्हणाली, "आता तरी सांगा तिला." तिला चोवीस वर्षं माहीत आहे.

मंगळवारच्या जागेचं मला आत्ता तुझ्या पत्रातून कळलं. राग कसला? मणी लावायला थांबलीस, आईनेही तेच केलं असतं. कबूल केलेलं काम अर्धं टाकून ती कधी देवालासुद्धा भेटायला गेली नसती. तुझ्यावर कधी, एक दिवसही, राग नव्हता. मी येत नाही, कारण मला तोंड दाखवायला जागा नाही. आता ऐक.

वारा नव्हता. म्हणजे रोजचा होता तेवढाच. आमच्या कंपनीच्या सगळ्या विमानांच्या वाटा, तिकडून सुटणाऱ्यांच्यासुद्धा, इथेच आखून तारेने पाठवल्या जायच्या. त्या संध्याकाळी पाळीवर मी होतो. सोबतचा म्हणाला, तू दवाखान्यात जा, हे मी करतो. मी ऐकलं नाही. त्या विमानात तू होतीस, दुसऱ्या कुणाची पेन्सिल मला चालणार नव्हती.

हवामानाच्या कागदावर सरळ वाटेच्या अंगाला एक वादळ दाखवलं होतं. होईल असा अंदाज, झालेलं नव्हे. असल्या अंदाजाला आमच्याकडे बारा मिनिटांचा वळसा पुरायचा. रोज पुरायचा, मी शेकडो वेळा तेवढाच दिला होता. त्या दिवशी मी सत्तेचाळीस मिनिटांचा दिला. वाटलं, इकडे आई अशी आणि तिकडे तुला काही झालं तर. विमानात दुसऱ्या कुणाची बहीण असती तर मी बाराच दिली असती. माझ्या बहिणीला सत्तेचाळीस दिली.

तुझ्यामागून दीड तासाने दुसऱ्या कंपनीचं विमान सरळ वाटेने आलं. त्याच्या कप्तानाने लिहून दिलं होतं, वाट पूर्ण स्वच्छ. तो कागद मी दुसऱ्या दिवशी पाहिला. मग हिशेब केला, कारण मला तेवढंच येतं. नेहमीसारखा वळसा दिला असता तर तू पस्तीस मिनिटं आधी दवाखान्यात पोचली असतीस. आई तुला दहा मिनिटं भेटली असती. दहा मिनिटं, भिंगरी. ती मी खाल्ली.

आणि हे लपवायचं म्हणून अजून एक गोष्ट लपवावी लागली. ती तुझ्या हक्काची होती.

त्या सकाळी आई शुद्धीवर होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "कुठवर आली?" आकडे तिला चालायचे नाहीत, तुला माहीत आहे. मी घरून तो दोरा आणला, चादरीवर तिच्या हाताशी ताणला आणि चिमटीत धरून दाखवलं, इथवर. अर्ध्या तासाने चिमूट सरकवायची. ती डोळे मिटायची, पुन्हा उघडायची, दोऱ्याकडे बघायची. अकरा चाळीसला तू उतरलीस, तेव्हा मी चिमूट दोऱ्याच्या टोकाशी नेली आणि म्हटलं, "उतरली गं, आता रस्त्यावर आहे." आईने दोरा माझ्या हातातून घेतला आणि बोटाला गुंडाळला. म्हणाली, "आली म्हणजे झालं." बारा दहाला गेली. तू आलीस हे कळून गेली.

हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, विमान एवढा वेळ का घेत होतं, आणि मला खोटं बोलायला आणखी वारा सापडला नसता.

माझं पारपत्र वहिनीने गेल्या वर्षीच काढायला लावलंय. कपाटात आहे. आता तूच सांग, येऊ का?

दादा

२७ फेब्रुवारी

दादा,

पत्र दुकानात वाचलं आणि दुकान बंद केलं. दारावर पाटी लावली, आज माप घेणार नाही. पहिले दोन दिवस तुझा इतका राग आला की लिहायला बसले आणि कागद फाडला. वळशाचा नाही, दोऱ्याचा. चोवीस वर्षं मी समजत होते की आई दाराकडे बघत गेली. रोज शिवताना कधी ना कधी ते दार डोळ्यासमोर यायचं. आणि तुझ्याकडे ही एवढी गोष्ट पडून होती, बटणांच्या डब्यात. तू आलास की तुझ्याशी भांडणार आहे. मनाची तयारी ठेव.

तिसऱ्या दिवशी रडून घेतलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच पान काढून वाचलं, "आली म्हणजे झालं." किती तिचंच वाक्य आहे ते. शाळेतून भिजून आले तरी हेच म्हणायची. आता शिवताना दार दिसत नाही, चादर दिसते आणि तिच्यावरची तुझी चिमूट.

आता वळशाचं. दादा, तू उगीच जीव जाळलास. वादळ होतं. मी पाहिलंय. माझ्या नेहमीच्या उजव्या खिडकीशी बसले होते, नुकतं उजाडत होतं, आणि लांबवर काळ्या ढगांची भिंतच्या भिंत उभी होती. मधूनमधून वीज चमकायची. शेजारच्या बाई जप करायला लागल्या होत्या. आमचं विमान त्याच्या कडेकडेने गेलं. तू तो वळसा दिला नसतास तर आज हे पत्र कुणी लिहिलं असतं? मागच्या विमानाला वाट स्वच्छ मिळाली असेल, दीड तासात वादळ निवतं. तुला हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुला असलं काही खुपतंय हे मला काय माहीत.

तेव्हा तुझ्याकडे आता एकही सबब नाही. ये.

भिंगरी

२१ मार्च, विमानातून

भिंगरी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात देणार आहे. फोनवर मी नुसती तारीख आणि वेळ सांगितली आणि तू नुसतं "बरं" म्हणालीस. नंतर वहिनीने सांगितलं की फोन ठेवल्यावर तू पुन्हा लावून तिला विचारलंस, मी खरंच तिकीट काढलंय का. तिने तुला तिकिटावरचे सगळे आकडे वाचून दाखवले म्हणे. ती मुद्दामच आली नाही. म्हणाली, तुम्ही दोघं आधी भांडून घ्या, मी पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला येते.

एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलोय. विमानाने जमीन सोडली तेव्हा शेजारच्या माणसाचा हात धरला, मग माफी मागितली. तो म्हणाला, पहिलीच वेळ का? मी म्हटलं, या वाटेने हजारो वेळा गेलोय, बसून ही पहिलीच. त्याने जरा सरकून घेतलं.

आता खोटेपणाचं. तुझ्या.

वादळाचा अंदाज सरळ वाटेच्या दक्षिणेला होता, म्हणून मी तुला उत्तरेकडून वळसा घालून आणलं. गेल्या पत्रात ही बाजू लिहायची राहून गेली आणि तू नेमकी तिथे सापडलीस. पश्चिमेकडे येणाऱ्या विमानाच्या उजव्या खिडकीतून उत्तर दिसते. वादळ असतंच तर ते डावीकडे, तुझ्या पाठीमागच्या खिडक्यांत असतं. तुझ्या उजव्या खिडकीतून त्या सकाळी निरभ्र आकाशाशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं. ढगांची भिंत, वीज, जप करणारी बाई, सगळं तू दुकान बंद करून बसून शिवलंस. कुंडीत औषध ओतणारीला अजून खोटं बोलता येत नाही.

पत्र वाचलं तेव्हा हे लगेच कळलं. आधी हसू आलं, मग बाल्कनीत जाऊन उभा राहिलो आणि पोटभर रडलो. वहिनी चहा ठेवून गेली. चोवीस वर्षं मला वाटत होतं की हे कळलं तर तू मला दारात उभं करणार नाहीस. आणि तुला कळल्यावर तू काय केलंस, तर माझ्यासाठी आकाशात एक वादळ उभं केलंस. अशा बहिणीला तोंड दाखवायला मी घाबरत होतो. त्याच दुपारी तिकीट काढलं.

मीही उजवीकडची खिडकी मागून घेतली. पूर्वेकडे जाताना ती दक्षिणेला असते. अर्ध्या तासापूर्वी ती जागा येऊन गेली, माझ्या पेन्सिलीने लाल खूण केलेली. मी नाक काचेला लावून बघितलं. ऊन होतं, खाली समुद्र होता आणि एक जहाज होतं. जागा इतकी साधी होती की मला तिच्यावर रागही धरता आला नाही.

दोरा आणलाय. समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर दाखवतात, पण आकड्यांनी मला काही कळेना, म्हणून दोरा गुडघ्यावर ताणला आणि चिमटीत धरला. हवाईसेविका म्हणाली, बटण तुटलंय का, सुई देऊ? मी म्हटलं, नको, बहिणीकडे आहे. आत्ता चिमटीच्या पुढे पेरभर उरलाय. चोवीस वर्षं बोटाच्या गुंडाळीची खूण त्यात तशीच आहे, ताणला तरी पुरता सरळ होत नाही. तो तुझ्याकडे ठेवायचा. अठ्ठावीस तारखेला मी बाहेर बाकावर बसेन, तू आत जाताना तो बोटाला गुंडाळ. तुझं कापड फसायचं नाही.

कप्तानांनी आत्ताच सांगितलं, पाठीमागून वारा चांगला आहे, पंचवीस मिनिटं आधी पोचतोय. मला ते लगेच तुला कळवावंसं वाटलं, पण कळवणार कसं? तू आपली ठरल्या वेळेलाच घरून नीघ. रस्त्यात धावपळ करू नकोस, विमानतळाचा जिना सावकाश चढ, मध्ये दोनदा थांब. या वेळी उशीर कुणालाच होणार नाही. मी आधी येऊन बाकावर बसलेला असेन, दाराकडे बघत.

दादा